चिलखतातला कोहळा

॥ श्री ॥
निशातगंज, लखनौ
१० नोव्हेंबर २०२४

ती. लीलाताईस,
बाळकृष्णचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी हिरड्यांची पिशवी पोचली. आत तू चिठ्ठी ठेवलीस की अर्धा चमचा पूड रात्री कोमट पाण्याबरोबर घे आणि सकाळी घरापासून फार लांब फिरायला जाऊ नकोस. ताई, माझं पोट ठणठणीत आहे. हिरडे मला म्हशीच्या कातड्यासाठी हवे होते. आधी सांगितलं असतं तर तू पाठवले नसतेस, म्हणून कारण गाळलं. आता पिशवी हशमतभाईंच्या आवारात पोचलीसुद्धा, तेव्हा रागावून उपयोग नाही.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर नुसतं 'काय? काय?' होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. इथे एका कॉलेजात राघव नावाचे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. सकाळी फिरताना त्यांची ओळख झाली. त्यांच्या कॉलेजच्या लहानशा संग्रहालयात एक जुनं चिलखत आहे, निम्मं उंदरांनी आणि निम्मं गंजाने खाल्लेलं. छातीवर कडक कातड्याच्या पट्ट्या, बाकी सगळं लोखंडी कड्यांचं विणकाम. मी विमानदलात फिटर होतो, जन्मभर विमानांचे पत्रे रिव्हेटने जोडले, हे कळल्यावर त्यांनी विचारलं की तसंच दुसरं करून द्याल का. अट एकच, सगळं त्या काळच्या रीतीने. वीज नाही, ड्रिल नाही, बाजारचं रंगवलेलं कातडं नाही.

मी हो म्हणालो. यशोधन बँकेत जातो, प्रणिता अमौसीला विमानतळावर, जुई कॉलेजात. दिवसभर घरात मी आणि कांचनचा फोटो. फोटोकडे किती बघायचं?

कातडं बाभळीच्या साली आणि तुझे हिरडे यांच्या पाण्यात मुरत पडलंय. हशमतभाई घोड्यांची खोगिरं शिवतात. रोज एकदा ते कातडं उलटं करतात आणि लोणचं घालावं तसं कौतुकाने बघतात. कड्यांचं काम माझं. तार भट्टीत लाल करून मऊ करायची, सळईवर गुंडाळायची, छिन्नीने कापून कड्या सुट्या करायच्या. प्रत्येक कडीची टोकं एकमेकांवर आणून ठोकायची, भोक पाडायचं, शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि मग त्या भोकात बारीक रिव्हेट ठोकायचा. एक कडी झाली की दुसरी. कंटाळा येत नाही. डोक्यात दुसरं काही येत नाही, हे त्यातलं मोठं सुख.

आणि जरा फुशारकी मारू दे. जुन्या चिलखतावर हात फिरवला तर किसणीसारखं लागतं, प्रत्येक रिव्हेटचं डोकं वर आलेलं. त्या कारागिराला कानसच माहीत नव्हती की काय कोण जाणे. माझं काम बघ, एकूण एक डोकं घासून सपाट केलंय. विमानाच्या पत्र्यावर डोकं वर राहिलं असतं तर आमच्या साहेबांनी माझंच डोकं घासलं असतं. तळवा फिरव, रेशीम वाटेल.

होळीनंतर चिलखताची परीक्षा आहे. त्या काळी बाण मारून बघत आणि मगच ते खरं धरत. आम्हीही तेच करणार.

गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझा
बाळकृष्ण


॥ श्री ॥
जुन्नर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. बाळकृष्ण यास,
लीलाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. डोंगरातून आलेले निवडक हिरडे मी उन्हात बसून एकेक बघून घेतले होते, तुझ्या आतड्यांसाठी. ते म्हशीच्या कातड्याच्या कामी आले! म्हशीचा कोठा साफ झाला असेल, देव तिचं भलं करो. पुढच्या वेळी खरं सांगून माग. नाही म्हटलं असतं, पण पाठवले असतेच.

इथे थंडी पडली आहे. मागच्या उसात बिबट्या येतो, त्यामुळे संध्याकाळी दार लावून बसायचं. शेजारच्या संपदाने तिचं कुत्रं रात्री माझ्या पडवीत बांधलं आहे. ती म्हणते तुमच्या सोबतीला. मला वाटतं, बिबट्याने तिच्याऐवजी माझ्या दारात यावं म्हणून. मला ऐकू येत नाही, तेव्हा कुत्रं भुंको की बिबट्या गुरगुरो, झोप छान लागते.

तू कामात रमलास हे वाचून बरं वाटलं. कांचन गेल्यापासून तुझी पत्रं पोस्टकार्डाएवढी झाली होती, हे पत्र चांगलं चार पानी आलं. त्या राघव सरांना माझा आशीर्वाद कळव.

पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस. बाण मारणार, चिलखतावर मारणार, सगळं कळलं. चिलखताच्या आत कोण असणार? रिकामं चिलखत दोरीवर टांगून बाण मारला तर ते नुसतं हलेल, एवढं मलाही कळतं. तू लहानपणापासून जे सांगायचं टाळतोस तेच मला आधी दिसतं. तेव्हा उलट टपाली उत्तर पाठव, आणि पाल्हाळ न लावता.

जेवण वेळेवर घे. लोभ जुनाच आहे, नवा मागू नकोस.

तुझी
ताई


॥ श्री ॥
निशातगंज, लखनौ
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उलट टपाली म्हणाली होतीस, उशीर झाला. इथे धुकं असं की समोरची इमारत दिसत नाही. प्रणिताची विमानं तासन्‌तास जमिनीवर आणि प्रवासी तिच्या डोक्यावर. घरी येते ती आवाज बसवून.

कातडं तयार झालं. हशमतभाईंनी आणि मी पट्ट्या कापल्या, गरम पाण्यात बुडवून लाकडी साच्यावर ताणल्या. पहिली पट्टी माझ्या घाईने वाया गेली. पाणी जास्त कढत झालं आणि ती पापडासारखी आक्रसली. दुसऱ्यांदा हात सोसेल इतपतच गरम घेतलं. वाळल्यावर पट्टी अशी कडक झाली की टिचकी मारली तर लाकूड वाजतं. आतल्या जाड बंडीला प्रणिताने गोधडीचे टाके घातले. सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून शिवत होती, शेजारच्या बायका विचारत होत्या की ही कुठली चिकनकारी.

आता तुझा प्रश्न. आत मी असणार.

लगेच कपाळावर हात मारू नकोस, पुढे वाच. आमच्यात एक रीत होती. मालवाहू विमानाची मोठी दुरुस्ती झाली, कागदावर मी सही केली की पायलट म्हणायचा, चला, मागे बसा. पहिलं उड्डाण दुरुस्त करणाऱ्याला घेऊनच. तुझ्या कामावर तुझा भरवसा नसेल तर माझा कसा असणार, असा त्यातला अर्थ. मी कधी नाही म्हटलं नाही. एकदाही पोटात गोळा आला नाही, कारण मला माझा रिव्हेट माहीत होता. मग आता दुसऱ्या कुणाच्या किंवा पेंढ्याच्या बाहुल्याच्या अंगावर माझं काम चढवून मी बाजूला उभा राहू? ते मला जमणार नाही.

राघव सर तयार नाहीत. त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. मी त्यांना सांगितलं की चिलखत माझ्या मापाचं केलंय, दुसऱ्या कुणाला होणारही नाही. आणि ताई, खरं सांगायचं तर, आता माझं काय व्हायचं राहिलंय? नोकरी झाली, मुलाचं झालं, नात शहाणी आहे. चिलखत टिकलं तर उत्तम. नाही टिकलं तरी फारसं बिघडत नाही.

बिबट्याचं कळव. कुत्रं शाबूत आहे ना? लोभ आहे तसा राहू दे, ही विनंती.

तुझा
बाळकृष्ण


लखनौ
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांस,
प्रणिताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मी पहिल्यांदाच तुम्हाला वेगळं पत्र लिहिते आहे आणि बाबांना माहीत नाही. ड्यूटी संपवून कँटीनमध्ये बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षर माफ करा.

बाबांनी तुम्हाला बाणाबद्दल लिहिलं असेलच. आम्हाला वाटलं होतं गंमत करत आहेत. परवा त्यांनी जुईला धनुष्य चालवणारी मुलगी शोधून आणायला सांगितलं आणि तिने आणलीसुद्धा. तिच्या मैत्रिणीची बहीण आहे, शर्मिष्ठा, बंगाली, राज्याच्या टीममध्ये आहे. मुलगी म्हणाली की अंकल, मी माणसावर नेम धरणार नाही. तर बाबा तिला तासभर समजावत बसले, रिव्हेट कसा ठोकतात ते दाखवत. ती आता अर्धी तयार झाली आहे, कारण बाबा बोलायला लागले की कुणीही तयार होतं.

यशोधन चिडले. म्हणाले, बाबा, बस हो गया, यह सब नहीं होगा. बाबा शांतपणे जेवत राहिले. जुईला तर अभिमान वाटतो. सगळ्यांना सांगत फिरते की हमारे आजोबा को किसी बात का डर ही नहीं है.

आत्या, मला त्याचीच भीती वाटते. बीपीच्या गोळ्या डब्यात तशाच असतात. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा त्यांना कड्यांचं काम होतं. आईंच्या साड्या त्यांनी स्वतः वाटून टाकल्या, एकही ठेवली नाही. आणि हे सगळं हसत. रडले असते तर मी समजून घेतलं असतं.

मी सून आहे, मी किती बोलणार? यशोधन बोलले की भांडण होतं. तुमचं ते ऐकतील असं वाटतं, निदान तुम्ही मोठ्या आहात म्हणून. कसंही करून थांबवा. पण मी कळवलं हे सांगू नका.

तब्येत जपा. तुमची माया आमच्या घरावर असू द्यावी.

आपली
प्रणिता


॥ श्री ॥
जुन्नर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. बाळकृष्ण यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्यांदा हे लिहून ठेवते की मला तुझ्या घरातून कुणीही काहीही कळवलेलं नाही. जे लिहिते आहे ते माझ्या मनाचं आहे.

तुझी विमानातली रीत वाचली. चांगली रीत आहे. पण त्या विमानात पायलटही बसायचा ना? त्याला घरी जायचं असायचं, तुलाही जायचं असायचं. कांचन जेवण झाकून वाट बघायची. दोघांना परत यायचं होतं म्हणून तुझी सही खरी होती. ज्याला परत यायची ओढ नाही, त्याने मागे बसून काय सिद्ध होतं? टिकलं तर उत्तम, नाही तर फारसं बिघडत नाही, असं लिहिणारा माणूस कारागीर म्हणून उभा राहत नाहीये, बाळकृष्ण. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं आहे. मला फसवायला जाऊ नकोस.

माझ्या पाठचा भाऊ माझ्या आधी जाणार आणि मी इथे कुत्रं सांभाळत बसणार, हा कुठला न्याय? कांचन गेली तेव्हा तू मला रडू दिलं नाहीस, म्हणालास ताई, तुझं बीपी. तुझ्यासाठी मी आता रडते, पत्रातच. वाचून घे.

आता उपाय सांगते. आपल्याकडे बळी द्यायचा म्हटला की काय देतात? वास्तुशांतीला, नवरात्रात माणूस किंवा बकरा कापतो का आपण? कोहळा ठेवतो. जिवाच्या जागी जीव म्हणून देव तो घेतो, आजवर कधी परत केलेला नाही. देवाला जो चालतो तो तुझ्या राघव सरांना चालेल. चांगला तुझ्या पोटाएवढा कोहळा आण, प्रणिताच्या बंडीत गुंडाळ, वर चिलखत घाल आणि मार म्हणावं बाण. तुझ्या विद्येची परीक्षा होईल. लाज वाटायचं कारण नाही, तुझ्याऐवजी तो उभा आहे हे त्याला आणि देवाला माहीत असेल.

हे मान्य नसेल तर तसं कळव. मी येते. संपदाचा मुलगा पुण्याहून गाडीत बसवून देईल, चारबाग स्टेशनवर उतरवून घ्यायला यशोधनला पाठव. आल्यावर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. राघव सरांना सांगून ठेव की दोन चिलखतं लागतील, दुसरं जरा रुंद. मी बोलले ते करते, हे तुला माहीत आहे.

लोभ आहे, म्हणून धाक आहे. दोन्ही राखावेत.

तुझी
ताई


॥ श्री ॥
निशातगंज, लखनौ
२५ मार्च २०२५

ती. लीलाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावलो होतो. तुला उत्तर लिहिलं नाही, प्रणिताशी दोन दिवस धड बोललो नाही. मग विचार केला की तू खरोखरच चारबागला येऊन उतरशील. तुझे गुडघे आणि तिथल्या पुलाचे जिने डोळ्यांसमोर आले. तेवढ्यासाठी हो म्हणालो, ताई. पटलं म्हणून नव्हे.

कोहळा इथे निशातगंजच्या बाजारातच मिळाला. सर्वांत मोठा मागितला तर भाजीवाल्याने विचारलं की बाबूजी, किसके यहाँ शादी है, पेठा कितना बनेगा. मी म्हटलं, शादी नाही, त्याला लढाईवर पाठवायचंय. त्याने सुट्टे पैसे जरा लांबूनच दिले.

रविवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर सगळे जमलो. राघव सर, हशमतभाई, यशोधन, प्रणिता, जुई. लाकडी खांबावर कोहळा बांधला, बंडी घातली, वर चिलखत चढवलं. प्रणिता हळूच म्हणाली की बायकांनी कोहळा फोडायचा नसतो, आणि इथे तर बाण मारणारी मुलगी आहे. मी म्हटलं, फोडायचाच नाहीये, चिलखत कशाला केलंय मग.

त्या मुलीने, शर्मिष्ठाने, पहिला बाण छातीवर मारला. कातड्याच्या पट्टीत टोक रुतलं आणि थांबलं. हशमतभाईंनी आकाशाकडे बघून हात वर केले. दुसराही तसाच. माझी छाती फुगली. यशोधनकडे मी मुद्दाम पाहिलं, मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतास.

तिसरा बाण डाव्या कुशीत, कड्यांच्या विणीवर. तो थांबला नाही. निम्मा आत गेला.

मी जाऊन पाहिलं. कड्या उघडल्या होत्या. तुटल्या नव्हत्या, उघडल्या होत्या, कारण रिव्हेट निघून आले होते. ज्या डोक्याने कडी धरून ठेवायची, तेच डोकं मी घासून सपाट केलेलं. विमानाच्या पत्र्याला वारा लागतो, म्हणून तिथे सपाट हवं आणि रिव्हेटसुद्धा त्यासाठी वेगळा असतो. चिलखताला बाण लागतो. हा साधा फरक जन्मभराच्या सवयीने मला दिसूच दिला नाही. त्या जुन्या कारागिराला मी गबाळा म्हणत होतो. राघव सर म्हणाले की तीनांतले दोन थांबले, हे उत्तमच आहे. मी ऐकत नव्हतो.

मी बाण उपसला. टोकाबरोबर कोहळ्याचा पांढरा गर आला, पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. चिलखत माझ्या मापाचं होतं, ताई. तो बाण माझ्या कुठे लागला असता हे मला बोट ठेवून दाखवता आलं असतं. जुई शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, आजोबा, अगर आप होते तो... सगळीकडे माझ्या धाडसाच्या गोष्टी सांगणारी पोर, तिने माझी बाही घट्ट धरून ठेवली.

आणि मला भीती वाटली. मी तिथेच गवतावर बसलो. यशोधन धावत आला, त्याला वाटलं हार्ट अटॅक. मी त्याचा हात धरला आणि रडलो. कांचन गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. यशोधनही रडला. हशमतभाई पाणी घेऊन आले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मला खरंच वाटत होतं की आता भीती म्हणून काही उरलेलं नाही. मी त्याला शौर्य समजत होतो, जुईही समजत होती. तुला ते इतक्या लांबून, कान नसताना, कसं कळलं?

कोहळा खायचा नसतो म्हणून प्रणिता आणि जुई संध्याकाळी गोमतीवर सोडायला निघाल्या. मीही गेलो. थोडं तरंगत गेला, मग बुडाला. माझ्या जागी गेला म्हणून मी त्याला नमस्कार केला. जुई हसली नाही.

कालपासून गोळ्या चालू केल्या आहेत. गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय, प्रणिताने रजा टाकली आहे. डाव्या कुशीची वीण सोडून नव्याने करतो आहे, डोकी ठेवून. बाकीचीही करावी लागेल. वर्षभराचं काम आहे. राघव सरांनी विचारलं की इतका वेळ आहे का तुमच्याकडे. मी म्हटलं, आहे. 

पावसाळ्याआधी जुन्नरला येतो. तोवर लोभ असाच धाकात ठेव.

तुझा भित्रा भाऊ,
बाळकृष्ण